आबांचा रांदेवू

आमच्या घरात एक फ्रेंच शब्द नांदत होता. गावात पलटणीतून परतलेला प्रत्येक माणूस काही ना काही घेऊन आलेला असायचा. कुणाकडं बसऱ्याहून आणलेली सतरंजी होती, कुणाकडं जर्मनचा डबा. आमचे आबा पहिल्या लढाईत सफरमैनांच्या पलटणीतून फ्रान्सला गेले होते. तिथं त्यांनी खंदक खणले, तारा ओढल्या, पूल बांधले आणि येताना दोन बिल्ले, डाव्या कानाचा बहिरेपणा आणि 'रांदेवू' एवढं घेऊन आले. बिल्ले ट्रंकेत गेले, बहिरेपणाची आईला सवय झाली, आणि रांदेवू मात्र चुलीपासून रानापर्यंत सगळीकडं फिरायला लागला. मला कळायला लागलं तेव्हा तो आमचाच शब्द आहे असं मी धरून चालले होते. दुसऱ्यांच्या घरी तो नसतो हे कळल्यावर मला त्या लोकांची कीव आली.

गाव आमचं कुंडलपासून पायी दोन तासांवर. ऊस, थोडा शाळू, विहिरीवर मोट. सकाळी आईच्या भाकरीचा आवाज घरभर असायचा. ती भाकरी थापताना दोन्ही हातांतल्या बांगड्या एका ठेक्यात वाजायच्या, आणि तो ठेका थांबला की समजायचं, आता ती काहीतरी विचारणार आहे. "आवं, भाकरी कुटं आनू?" असं ती कधी विचारायची नाही. ती विचारायची, "आज रांदेवू कुटं?" मग आबा तोंडातलं हुलग्याचं माडगं गिळून सांगायचे, "हिरीवरच्या आंब्याखाली. काठीची सावली बुडाशी आली की. मी दिसलो न्हाई तर बांधावर पागुटं ठिवल्यालं आसंल. चिलीम वडून हुईस्तवर थांब, मग वरच्या तुकड्यात ये." ठिकाण, वेळ, खूण, आणि थांबायचं किती. ही चार ठरली नाहीत तर आबांच्या लेखी ती भेटच नव्हे, नुसतं वाऱ्यावर बोलणं.

काठी म्हणजे अंगणाच्या मधोमध रोवलेली बाभळीची काठी. आबांकडं घड्याळ नव्हतं. काठीच्या सावलीवर त्यांचा कारभार चाले. गावाचा कारभार निराळा होता. गावात कुणी म्हणायचं, "दिवस कासराभर वर आला की येतो गड्या." आबा लगेच अडवायचे. "कुनाचा कासरा? तुज्या बैलाच्या कासऱ्याला दोन गाठी हायत, माजा आक्खा हाय. मग मी कवा येऊ?" माणसं हसायची, त्यांना रांदेवू हवालदार म्हणायची. आबा नाईक होऊन निवृत्त झाले होते, हवालदार नव्हे, पण गावानं चेष्टेत दिलेली ही बढती त्यांनी कधी नाकारली नाही. खरं सांगायचं तर ती त्यांना आवडायची.

शब्दाची गोष्ट आबा दर पावसाळ्यात एकदा तरी सांगायचे, आणि एका शब्दाचाही फेर करायचे नाहीत. त्यांच्या पलटणीबरोबर एक म्हातारा फ्रेंच दुभाषा होता. पूर्वी पाँडेचरीला मास्तर होता म्हणे, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. एका चौकात पाटी लावलेली होती, तिच्यावर हा शब्द. पांगलेल्या टोळ्यांनी परत कुठं जमायचं त्याची ती जागा. आबांनी विचारलं, हे काय लिहिलंय? "त्यो बोलला, रांदे म्हंजी हजर करा. वू म्हंजी तुमी. तुमी तुमास्नी हजर करा." त्यांच्या मुलखात जुन्या काळी राजाचे घोडेस्वार गावोगाव पांगलेले असायचे, लढाई उभी राहिली की असा हुकूम सुटायचा, अमक्या जागी हजर व्हा. त्या हुकमाचंच पुढं जागेला नाव पडलं आणि मग भेटीला. हे सगळं त्या म्हाताऱ्यानं सांगितलेलं. पण त्याच्यापुढचं आबांचं स्वतःचं होतं. "बगा, भेटाया या, आसं त्यात कुटं हाय? दुसऱ्याचं नावच न्हाई. आपन आपल्याला उचलून तितं न्यून ठिवायचं. दुसरा येवो न येवो."

मग ते त्या दुसऱ्याची गोष्ट सांगायचे. कोल्हापूरकडचा एक सोबती आणि आबा, दोघांना दोन बाजूंनी तार ओढत जाऊन एका पडक्या चक्कीपाशी भेटायचं होतं. आबा चिखलातून पोचले. सोबती आला नाही. गोळे पडत होते, तरी ठरलेला वेळ संपेपर्यंत आबा हलले नाहीत. "त्यो मेलाता. मला काय ठावं? पन मी हुतो." एवढं बोलून ते उठायचे आणि बैलांना वैरण टाकायला जायचे. लहानपणी मला ही गोष्ट अर्धवट वाटायची. पुढं काय झालं, असं मी विचारायची, आणि आई मला डोळ्यांनी गप्प करायची.

माझ्याहून सात वर्षांनी मोठा दादा, संपत त्याचं नाव, सांगलीला हायस्कुलात शिकत होता. आबा एकदा त्याला भेटायला गेले असता त्याच्या मास्तरांपाशी हा शब्द बोलून गेले. मास्तर बी.ए. झालेले. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "अहो, हा शब्द चारचौघांत वापरू नका. प्रेमिकांच्या चोरट्या भेटीला म्हणतात तसं." दादा सांगायचा, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "आसंल की मास्तर. पन पिरेम करनारा बी येळंवर पोचला न्हाई, तर त्याला कोन इचारतंय?" इथं मला थोडं पुढचं सांगायलाच हवं, कारण माझी छाती तिथं अजून फुगते. म्हातारपणी, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, मी तिथल्या फ्रेंचच्या बाईंना गाठून मोठा कोश काढायला लावला. बाई वाचत गेल्या आणि अर्थ सांगत गेल्या. मूळ अर्थ, स्वतःला एखाद्या जागी नेऊन हजर करा, आज्ञार्थ, जुना वापर, सैन्य जमवण्याची जागा. प्रेमिक खूप खाली होते. सहीपुरतं लिहायला येणारा माझा बाप बरोबर होता आणि बी.ए. मास्तर अर्धवट. माझी नात आता फोनवर मैत्रिणीला हाच शब्द झोकात म्हणते आणि पाऊण तास उशिरा जाते, तेव्हा मला तिचा कान धरावासा वाटतो.

बेचाळीसच्या चळवळीचा वणवा आमच्या भागात पेटला तेव्हा दादा एकवीस वर्षांचा होता. शाळा संपवून घरी आला होता, रानात राबत होता, आणि संध्याकाळी कुठंतरी जात होता. आबांना सगळं कळत होतं, पण ते बोलत नव्हते. एक दिवस सकाळीच दादा पुढच्या सोप्यात उभा राहिला. मी दाराशी ताक घुसळत होते.

"आबा, मी चाललो."

"कुटं?"

"ते सांगायचं न्हाई."

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. "सरकारचं मीठ खाल्लंय मी. त्या मिठावर तू वाडलास."

"मीठ आपल्याच समिंदराचं हुतं, आबा."

दादा कधी असं उलटून बोलला नव्हता. मला वाटलं, आता आबांचा हात उठतोय. पण त्यांनी विचारलं, "थांबायचं किती, ते तरी ठरीवलंयस का?"

"शेवटपातुर," दादा म्हणाला.

आबांनी तोंड भिंतीकडं केलं. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. दादानं आईच्या पायाला हात लावला, माझी वेणी ओढली आणि तो उसातून गेला. त्यानंतर दीड वर्ष आबांनी घरात त्याचं नाव काढलं नाही. पोलिसांनी दोनदा येऊन कणग्या उलट्या केल्या, आईच्या शेवयांचा डबा अंगणात ओतला, तेव्हाही आबा बिल्ले लावून ताठ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "हितं न्हाई." गावच्या चावडीत दोन शिपाई कायमचे येऊन बसले. आमच्या दारावरून त्यांच्या दिवसातून चार फेऱ्या व्हायच्या. दादानं घराकडं फिरकायची सोयच राहिली नाही.

आई रडणाऱ्यांतली नव्हती. पण तिच्या भाकरीचा ठेका बिघडला. मधेच थांबायचा, आणि ती काही विचारायची नाही. मग एका सकाळी तो थांबला आणि तिनं विचारलं. तव्यावरची भाकरी करपत होती तरी तिनं उलटली नाही. "आवं, तुमी तितं परमुलखात मेल्याल्या मानसाची वाट बगितलीसा. माजा तर जिता हाय. मला एक रांदेवू न्हाई?"

आबांचा डावा कान तिच्याकडं होता. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी माडगं संपवलं, हात धुतले, अंगणात गेले आणि काठीपाशी उकिडवे बसून राहिले. सावली आखडत आखडत बुडाशी आली तरी उठले नाहीत. मीठ आणि बायको, दोन्ही तिथं त्यांनी तोलून पाहिली असणार. मग आत येऊन म्हणाले, "लावतो. पन माज्या कायद्यानं." तो दिवस माझ्या बापाच्या सगळ्या बिल्ल्यांपेक्षा मोठा होता असं माझं मत आहे.

आमच्या रानात तेव्हा बिरू धनगर मेंढरं बसवायला आला होता. खत मिळावं म्हणून आम्ही दर साली त्याचा कळप रानात बसवून घ्यायचो. बिरू फिरता माणूस, त्याच्यावर कुणाची नजर नसायची. त्याच्या तोंडी आबांनी चार गोष्टी पाठवल्या. ठिकाण, पलूसच्या पलीकडं माझ्या आत्याचं घर. वेळ, अमावस्येच्या तिसऱ्या दिवशी सावली बुडाशी आल्यावर. खूण, आत्याच्या घरामागच्या परड्यात, वाटेवरून दिसेल असं, लाल लुगडं वाळत असेल तर आत या, हिरवं असेल तर सरळ पुढं जा. थांबायचं किती, तर शेवयांची खीर खाऊन परड्यात हात धुवेपर्यंत. दिवसाढवळ्या तीन परके पुरुष एका घरात शिरणार, त्याला काहीतरी निमित्त हवं. निमित्त मी होते. मला बघायला पाहुणे येणार. एक खोटा नवरा, त्याचा खोटा चुलता, आणि नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणून आमचा दादा. हात धुण्याच्या मिषानं तो मागं परड्यात जाईल, आणि परड्यात आई असेल.

मी तेव्हा सोळाव्यात होते. आबांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं, जसं पलटणीत सांगतात तसं, काही न लपवता. "इंदे, ईत्यात ती खोटी मानसं. पन तू खरं बसायचं. मान खाली. इचारलं तर नाव सांगायचं. दुसरं त्वांड उगडायचं न्हाई." बाईमाणसाला कुणी असला विश्वास दाखवत नव्हतं त्या काळात. मी मान हलवली आणि मागं जाऊन हौदाच्या पाण्यात माझं तोंड बघून आले.

आत्याकडं आम्ही आदल्या दिवशी बैलगाडीनं गेलो. आत्यानं घर सारवून घेतलं, शेवया गुळाच्या पाण्यात शिजवल्या, वेलदोड्याचा वास गल्लीत गेला. आणि तो वासच आम्हाला नडला. आबांनी चार गोष्टी ठरवल्या होत्या, पाचवी विसरले. आपल्याकडं मुलगी बघायचा कार्यक्रम भावकीतल्या थोराशिवाय होत नाही. त्याला न बोलावणं हा अपमान, आणि न बोलावता तो आला तर त्याला मानाची जागा. आत्याच्या सासरच्या भावकीतले थोर म्हणजे त्या गावचे पोलीस पाटील. गावात परका माणूस दिसला की ठाण्याला कळवायचं, असा त्यांना सरकारचा हुकूम होता. पाहुणे येण्याच्या अगदी तोंडावर ते खाकरत दारात उभे राहिले. "आवं वैनी, भाची दावताय आन आमाला सांगावा न्हाई? आमी काय मेलो व्हय?" आणि सोप्यात लोडाला टेकून बसले.

लुगडं बदलायला आत्या परड्याकडं धावली, पण तोवर तिघं अंगणात आले होते. सांगितल्या वेळी. सावली बुडाशी.

मी पाटावर बसले ती मान खाली घालूनच. मला फक्त पाय दिसत होते. तिसऱ्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. नांगराचा फाळ लागून ते गेलं होतं, तेव्हा मीच हळद लावली होती. दादाच तो. आत्याच्या गावी तो आधी फक्त लहानपणी आलेला, आता त्याला मिशी होती, डोईला पटका होता, आवाज फुटून जाड झाला होता. पाटलांनी त्याला ओळखलं नाही. त्यांना विचारायचं मात्र पुष्कळ होतं. गाव कुठलं? माणदेशाकडचं. पाणी हाय का? थोडं हाय. शेत किती, बैल किती, घरात माणसं किती, खोटा चुलता एकेक उत्तर सुपारी कातरल्यासारखं देत होता. मला नाव विचारलं, मी सांगितलं. खिरीच्या वाट्या आल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता हात धुवायचा तेवढा राहिला.

चुलत्याच्या तोंडात खीर होती तेव्हा पाटलांनी विचारलं, "आन देवक कंचं म्हनायचं तुमचं?"

देवक म्हणजे घराण्याचं कुळचिन्ह, लग्नात मांडवाला बांधतात ते. एका देवकाची माणसं एका रक्ताची, त्यांच्यात सोयरीक होत नाही. चुलत्यानं घास गिळायला घाई केली, पण त्याच्याआधी दादा बोलला. "कळंब," तो म्हणाला.

आमचं देवक कळंब. दादानं नाव खोटं सांगितलं होतं, गाव खोटं सांगितलं होतं, दीड वर्ष तो खोट्या नावानं जगत होता. पण देवक विचारल्यावर खोटं बोलायचं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पुढं मी त्याला यावरून किती छळलं असेल! तो म्हणायचा, "इंदे, आपुआप गेलं बग तोंडातनं. देवाचं खोटं बोलाय कुनी शिकिवलंच न्हवतं."

पाटलांनी वाटी खाली ठेवली. "आँ? कळंब? आवं, आमच्या वैनीच्या म्हायेरचं कळंबच की! लग्नात मी ह्या डोळ्यानं बगितलंय. मंग ही सोयरीक कशी वो जमायची? ही तर भाऊ-भन हुत्यात!"

चुलता पाटलांकडं, खोटा नवरा दाराकडं बघायला लागला. पाटलांच्या कपाळावर आठी पडत चालली होती. देवक न विचारता मुलगी बघायला येणारी माणसं कसली, असा प्रश्न त्या आठीत उमटायच्या आत आबा उठले. त्यांनी पलटणीतला आवाज काढला, माझ्या आयुष्यात मी तो पहिल्यांदा ऐकला. "देवक न इचारता दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठिवता? लाजा न्हाईत? उटा! माज्या पोरीला काय बाजारातली शेरडी समाजला व्हय? उटा आदी!"

शहाणपणाचं होतं ते. त्या रागापुढं पाटलांचा संशय विरघळला, उलट तेच आबांना आवरायला लागले. तिघं उठले, पायात वहाणा घालायला वळले. माणसं वाचली. पण भेट गेली. परडं घराच्या मागं होतं आणि हे पुढच्या दारानं निघाले होते. मी मान वर केली, पहिल्यांदा. माजघराच्या दाराच्या चौकटीवर आईची चार बोटं दिसत होती, घट्ट धरलेली. परड्यातून ती धावत आत आली होती आणि तिथंच अडकली होती. पाटलांसमोर, परक्या पुरुषांसमोर, काही कारण नसताना ती बाहेर येऊ शकत नव्हती. तिच्यात आणि दादात दहा पावलं होती. आबांनी ती बोटं पाहिली. आपल्याच हुकमानं त्यांनी आपल्या बायकोची भेट मोडली होती आणि आता त्यांना काही सुचत नव्हतं.

बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीनं तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. मोठ्यानं म्हटलं, "आत्ते, सोयरीक मोडली म्हून काय झालं? दारातनं कुनाला रिकाम्या तोंडानं घालवू ने. आईला गूळ घिऊन याय सांग."

पाटील थक्क झाले. "आगं, पोरगी का तोफ!" पण रीत रीत असते, आणि मी रीतीचं बोलले होते. त्यांनीच हात केला, "व्हय व्हय, ते मातुर खरं. थांबा पाव्हनं. गूळ घ्या आन जावा."

आई आली. डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात पितळी ताटली, तीत गुळाचे तीन खडे. तिनं चुलत्याच्या हातावर एक ठेवला. खोट्या नवऱ्याच्या हातावर एक ठेवला. मग ती तिसऱ्यापुढं उभी राहिली. तिनं खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि तळहात खालून आपल्या दुसऱ्या हातानं धरला, एवढंच. दादानं खडा मोडला. "येवडा नगं, मावशी," तो पाटलांना ऐकू जाईल असा म्हणाला, "निम्मा तुमास्नी." आणि निम्मा तिच्या हातात परत ठेवला. आई म्हणाली, "सांबाळून जावा." तो उंबऱ्यापाशी पोचला तेव्हा आबा तिथं उभे होते. दीड वर्षात ते त्याच्याशी बोलले नव्हते. आत्ताही ते पाहुण्याशीच बोलले. "पाव्हनं, सोयरीक जमली न्हाई. पन येळंवर आलासा. ते बेस केलंसा." दादानं मान लववली आणि तिघं उन्हातून निघून गेले.

पाटलांनी पुढं पाच-पंचवीस गावांत दोन गोष्टी सांगितल्या. एक, आपण हजर होतो म्हणून एका देवकाचं लग्न टळलं. स्वातंत्र्य आल्यावर, दादा उजळ माथ्यानं घरी आल्यावरसुद्धा ते हे अभिमानानं सांगत, आणि दादा समोर बसून मान हलवत असे. दुसरी, त्या नाइकाची पोर फार तोंडाळ आहे. या दुसऱ्या गोष्टीनं माझ्याकडं पुढची दोन-तीन वर्षं एकही स्थळ फिरकलं नाही. आत्या हळहळली. आबा म्हणाले, "मंग शिकू दे तिला," आणि मी सातवी पास झाले, ट्रेनिंगला गेले, तीस वर्षं पोरांना शिकवलं. तोंडाळ हे विशेषण मी आजवर बिल्ल्यासारखं लावून हिंडते. ज्यांना टोचतं त्यांना टोचो.

त्या दिवशी आम्ही उन्हं कलायला लागल्यावर आत्याकडून निघालो. आबा गाडी हाकत होते, मी आणि आई मागं. बैलांची घुंगरं वाजत होती. ओढा ओलांडल्यावर आईनं मूठ उघडली. घामानं तो निम्मा खडा ओला झाला होता, तिच्या तळहाताला चिकटला होता. तिनं तो दाताखाली धरून त्याचे तीन तुकडे केले. एक माझ्या हातावर ठेवला, एक तोंडात टाकला. तिसरा बोटांत धरून ती पुढं सरकली, आबांच्या उजव्या कानापाशी वाकली, आणि म्हणाली, "लेकानं दिलाय. घेतायसा?"

आबांनी चाबूक मांडीखाली ठेवला आणि मागं न बघता हात पुढं केला.